तहान लागण्याआधीची विहीर

बारावीचे वर्ष आले की ते घरातल्या सगळ्यांचेच बारावीचे वर्ष होते. टीव्हीचा आवाज खाली येतो, पाहुण्यांना बोलावताना दोनदा विचार होतो आणि दिवाळीचा फराळसुद्धा अभ्यासाच्या टेबलावरच पोहोचतो. एवढे सगळे निगुतीने सांभाळणाऱ्या घरात एक काम मात्र नेहमी उद्यावर ढकलले जाते. ते म्हणजे दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजचा अर्ज. मनातल्या कॉलेजचा अर्ज एकदा भरून झाला की सगळे घर त्याच्या उत्तराकडे डोळे लावून बसते. आईने आठवण केली तर मुलगी म्हणते, “निकाल तर लागू दे ना आई, मग बघू!” वडीलही तिचीच बाजू घेतात, “आत्तापासून नकारघंटा कशाला वाजवायची?”

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे प्रत्येक मराठी घरात मुलांना ऐकवले जाते. प्रवेशाच्या मोसमात मात्र ऐकवणारेच ते विसरतात. पहिले उत्तर हवे तसे आले तर या विसरण्याने काही बिघडत नाही. पण उत्तर नकाराचे आले, तर ज्या दिवशी मन सर्वात खचलेले असते त्याच दिवशी नवे अर्ज भरायला बसावे लागते, आणि तोवर निम्म्या मुदती टळून गेलेल्या असतात.

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या शहरांत राहणाऱ्या कुटुंबांना ही अडचण जरा जास्तच भेडसावते. इथल्या एकाच मुलापुढे तीन वेगवेगळी वेळापत्रके असतात. एक परदेशातल्या विद्यापीठांचे, दुसरे दिल्ली विद्यापीठाचे आणि तिसरे सोनीपत, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम या भागांत उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांचे. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी घरात ‘नाही तर पुण्याला आजीकडे’ हे चौथे वेळापत्रकही असते. ही चारही वेळापत्रके एकमेकांना विचारून ठरत नाहीत. त्यामुळे त्यांचा मेळ घालण्याचे काम घरालाच करावे लागते.

डिसेंबरचे पंधरा दिवस

अमेरिकेतली अनेक विद्यापीठे ‘अर्ली डिसिजन’ नावाची सोय देतात. विद्यार्थ्याने साधारणपणे १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा आणि डिसेंबरच्या मध्याला उत्तर मिळवायचे. मात्र त्यासाठी शब्द द्यावा लागतो. असा अर्ज एका वेळी एकाच विद्यापीठाला करता येतो आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. नेहमीच्या फेरीच्या मुदती बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतात. म्हणजे डिसेंबरमध्ये नकार आला, तर पुढचे आठ-दहा अर्ज तयार करायला उरतात जेमतेम पंधरा-अठरा दिवस.

दिल्लीच्या शाळेतल्या मुलाचे हे पंधरा दिवस कसे असतात? डिसेंबर-जानेवारीत पूर्वपरीक्षा चालू असतात. सीबीएसईच्या प्रात्यक्षिक परीक्षा २०२५ साली १ जानेवारीपासून आणि लेखी परीक्षा १५ फेब्रुवारीपासून सुरू झाल्या. जानेवारीत थंडीची सुटी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर प्रदूषणामुळे दिल्लीतल्या शाळांचे वर्ग घरबसल्या ऑनलाइन भरवावे लागले होते. अशा दिवसांत शिक्षकांचे शिफारसपत्र आणि शाळेची गुणपत्रके मिळवायची, शिवाय प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा निबंध लिहायचा, आणि तोही ‘आम्हाला नको’ असे उत्तर नुकतेच वाचलेल्या मुलाने! अशा निबंधात उमेद कुठून येणार? वाचणाऱ्यालाही तो घाईने, नाइलाजाने लिहिलेला आहे हे कळल्याशिवाय राहत नाही.

म्हणून पर्यायी अर्जांची तयारी पहिल्या अर्जाबरोबरच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हायला हवी. यात दोन ढीग करावेत. ज्यांची मुदत डिसेंबरच्या मध्याआधीच संपते ते अर्ज उत्तराची वाट न पाहता पाठवून द्यायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखांचे अर्ज साधारणपणे नोव्हेंबरअखेरपर्यंत पोहोचावे लागतात. काही विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांची मुदत १ डिसेंबरलाच संपते. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शिक्षणासाठी तर १५ ऑक्टोबरलाच दार बंद होते. अर्ली डिसिजनच्या उत्तरासाठी थांबलेला मुलगा या सगळ्या दारांवरून न थांबताच पुढे गेलेला असतो.

दुसरा ढीग जानेवारीच्या मुदतींचा. हे अर्ज नोव्हेंबरअखेर पूर्ण लिहून तयार ठेवायचे, पण शुल्क भरून पाठवायचे मात्र डिसेंबरमधले उत्तर हाती आल्यावर. अमेरिकेतल्या एकेका अर्जाला पन्नास ते नव्वद डॉलर लागतात. आठ अर्ज म्हटले तरी मध्यमवर्गीय घराच्या खर्चाचा हिशेब बिघडतो. होकार आला तर हे पैसे वाचतात आणि नकार आला तर नवे काही लिहायचे नसते. शेवटची नजर फिरवायची आणि पाठवायचे. पाठवण्याआधी शाळेची कागदपत्रे पोहोचली आहेत ना, एवढे तपासले की झाले.

कधी कधी उत्तर होकाराचेही नसते आणि नकाराचेही नसते. अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला जातो आणि खरे उत्तर मार्चवर जाते. पुष्कळ घरे याला अर्धा होकार समजून पुन्हा वाट पाहत बसतात. मुलाचे मन राखायला ते बरे वाटते, पण वेळापत्रकाच्या दृष्टीने हा नकारच समजावा आणि दुसरा ढीग त्याच रात्री पाठवून द्यावा. त्या विद्यापीठाला दिलेला शब्दही अशा वेळी सुटलेला असतो, त्यामुळे मुलगा पुढे कुठेही जायला मोकळा असतो.

काही पालकांना यात अप्रामाणिकपणा वाटतो. एकीकडे शब्द द्यायचा आणि दुसरीकडे अर्ज लिहायचे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. पण यात शब्द मोडला जात नाही. अर्ली डिसिजनच्या नियमांतच इतर ठिकाणी नेहमीच्या फेरीत अर्ज करण्याची मुभा आहे. प्रवेश मिळाल्यावर बाकीचे सगळे अर्ज लगेच मागे घेणे हे बंधन आहे, आणि ते पाळलेच पाहिजे. होकार आल्यावरही ‘बघू तरी आणखी कुठे मिळते का’ म्हणून इतर अर्ज चालू ठेवणे हा मात्र शब्दभंग आहे, आणि त्याचा डाग शाळेच्या नावालाही लागतो. आर्थिक मदत मागितली असून ती अपुरी मिळाली, तरच या करारातून सुटता येते. म्हणूनच घरचा खर्चाचा आकडा नोव्हेंबरमध्ये सही करण्याआधी ठरवायला हवा.

मार्चमधली गाठ

परदेशाकडे डोळे लागलेल्या घरात आणखी एक चूक होते. ‘आपल्याला इथे शिकायचेच नाही’ म्हणून देशातल्या विद्यापीठांसाठीची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीयूईटी, विचारातच घेतली जात नाही. दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून बारावीच्या टक्क्यांऐवजी या परीक्षेच्या गुणांवर प्रवेश द्यायला सुरुवात केली. २०२४ आणि २०२५ साली हिचे अर्ज ऐन बोर्डाच्या परीक्षेत भरावे लागले. २०२४ साली ते २७ फेब्रुवारीला सुरू झाले, तर २०२५ साली १ मार्चला सुरू होऊन त्याच महिन्यात संपले. अमेरिकेतल्या नेहमीच्या फेरीची बरीच उत्तरे मार्चच्या अखेरीस येतात. म्हणजे इथेही तेच झाले. उत्तर येईपर्यंत थांबले तर मुदत टळते.

२०२५ साली सर्वसाधारण गटातल्या विद्यार्थ्याला तीन विषयांपर्यंत या परीक्षेचे शुल्क १,००० रुपये होते. एका संध्याकाळी बाहेर जेवायला गेले तर चौघांच्या कुटुंबाचे याहून जास्त जातात. परदेशचा प्रवेश हातात असलेल्या घरानेही हे हजार रुपये वाया गेले असे समजू नये. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने जगभरातल्या आपल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे थांबवायला सांगितले. १८ जूनला ही बंदी उठली, पण मधले तीन आठवडे प्रवेश मिळालेली मुले आणि त्यांचे आई-बाप जीव मुठीत धरून बसले होते. ज्यांनी मार्चमध्ये सीयूईटीचा अर्ज भरून मे महिन्यात परीक्षा दिली होती, त्यांच्यापुढे निदान एक वाट मोकळी होती. बाकीच्यांना पूर्ण वर्ष गमावण्याची भीती होती.

अर्ज भरताना एक गोष्ट नीट पाहावी. दिल्ली विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर बारावीला जे विषय घेतले त्याच विषयांची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात हे विद्यापीठाने ठरवून दिलेले असते. इंग्रजी साहित्य हवे की अर्थशास्त्र, हा वाद घरात चालू असेल तर दोन्हींना चालतील असे विषय आधीच निवडावेत. परीक्षा झाल्यावर विषय बदलता येत नाही.

लांबलेला उन्हाळा

ज्यांना परदेशी जायचे नाही त्यांची वाट पाहणे मे महिन्यात सुरू होते. पूर्वी दिल्ली विद्यापीठाच्या टक्केवारीच्या याद्या लागत. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी असे करत घरोघरी वर्तमानपत्रे चाळली जात. २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बारावीला वाणिज्य नसलेल्या मुलांसाठी बी.कॉम. ऑनर्सची पहिली यादी १०० टक्क्यांवर लावली, तेव्हा देशभर चर्चा झाली. २०२१ साली हेच कॉलेज बी.कॉम. ऑनर्स आणि अर्थशास्त्रासाठी, तर हिंदू कॉलेज राज्यशास्त्रासाठी १०० टक्क्यांवर जाऊन थांबले. त्या पद्धतीत मन मोडायचे, पण बारावीचे गुण हाती असल्यामुळे मुलगा कुठे उभा आहे याचा अंदाज लवकर यायचा.

सीयूईटी आल्यापासून बारावीचा निकाल आणि दिल्ली विद्यापीठाची पहिली यादी यांच्यात मोठा खंड पडतो. २०२३ साली सीबीएसईचा निकाल १२ मे रोजी लागला आणि विद्यापीठाची पहिली यादी १ ऑगस्टला आली. २०२४ साली बारावीचा निकाल १३ मे रोजी, सीयूईटीचा २८ जुलैला आणि पहिली यादी १६ ऑगस्टला लागली. मधले दिवस मोजले तर ते ९५ भरतात. २०२५ साली कारभार जरा सुधारला. बारावीचा निकाल १३ मे रोजी, सीयूईटीचा ४ जुलैला आणि पहिली यादी १९ जुलैला लागली. तरीसुद्धा ही दोन महिन्यांहून जास्त प्रतीक्षा झालीच.

खासगी विद्यापीठांचे प्रवेश याच काळात रंगात येतात. काहींचे अर्ज तर आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच फेऱ्याफेऱ्यांनी सुरू झालेले असतात. मेच्या अखेरीस पत्र येते, “आपली निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत रक्कम भरून जागा निश्चित करा.” घरात खलबते सुरू होतात. पैसे भरावेत तर दिल्ली विद्यापीठ मिळाल्यावर ते बुडतील. न भरावेत तर दिल्ली विद्यापीठ नाही मिळाले म्हणजे तेलही गेले, तूपही गेले! नातेवाइकांपैकी एक जण ‘भरून टाका’ म्हणतो, दुसरा ‘अजिबात भरू नका’ म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीही नियम वाचलेला नसतो.

अर्ज आधी, पैसे नंतर

या कोड्याचे उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत आहे. अर्ज करण्यात घाई करावी आणि पैसे भरण्याआधी परताव्याची तारीख पाहावी, असे त्याचे सार सांगता येईल.

आयोगाने एप्रिल २००७ मध्येच जाहीर केले होते की, अभ्यासक्रम सुरू होण्याआधी विद्यार्थ्याने जागा सोडली तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीचे शुल्क परत करावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिक बारकाईने नियम आले. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी जागा सोडली तर शुल्क पूर्ण परत मिळते, त्यातून फक्त ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, ३० दिवसांच्या आत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत द्यावी लागते. मुलाची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायलाही याच नियमांनी मनाई केली आहे.

सीयूईटीमुळे प्रवेश लांबू लागल्यावर आयोगाने अधिक मोकळीक दिली. २०२२ साली ३१ ऑक्टोबरपर्यंत जागा सोडणाऱ्याला पूर्ण शुल्क परत करण्याचा आदेश निघाला. २०२३ आणि २०२४ साली ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून परतावा, असे ठरले. हे आदेश त्या त्या वर्षापुरते असतात. म्हणून ज्या वर्षी मुलाचा प्रवेश असेल त्या वर्षीचे परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून घरच्या फायलीत लावून ठेवावे.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. या विद्यापीठाची प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख कोणती? भरलेल्या रकमेत शिक्षण शुल्क किती, अनामत किती आणि वसतिगृह व खानावळीचे किती? जागा सोडायची झाली तर अर्ज कोणाकडे आणि कसा करायचा? तोंडी ‘काळजी करू नका, परत मिळतील’ यावर विसंबू नये. रोख रक्कम देऊ नये. आणि जागा सोडायचे ठरले की त्याच दिवशी ईमेलने कळवावे, कारण परताव्याचे टक्के ज्या दिवशी कळवले त्या दिवसावरून मोजले जातात. अर्जाच्या नमुन्याचे पैसे कुठेच परत मिळत नाहीत, हे मात्र धरून चालावे.

वसतिगृहाचे पैसे शक्यतो शेवटी भरावेत. शिक्षण शुल्काच्या परताव्याला नियमांचा आधार असतो, पण खोली आणि जेवणाच्या रकमेवरून वाद होतात. फरीदाबादच्या घराला सोनीपतच्या विद्यापीठात वसतिगृह लागणारच असेल तर त्याच्या परताव्याची अट वेगळी विचारून घ्यावी.

पसंतीक्रम लावताना

दिल्ली विद्यापीठाची स्वतःची प्रवेशव्यवस्थाही वाट पाहणाऱ्याला नाही, तयारी करणाऱ्याला साथ देते. सीयूईटी दिली म्हणजे विद्यापीठात आपोआप अर्ज झाला, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. सर्वसाधारण गटासाठी तिचे शुल्क २५० रुपये होते. मग अभ्यासक्रम आणि कॉलेज यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम लावायचा आणि शेवटी यादीची वाट पाहायची. पदवीच्या सुमारे ७१ हजार जागा असलेल्या या विद्यापीठात क्रम लावण्यातली चूक महागात पडते.

यादीत जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत ती स्वीकारावी लागते. ‘पुढच्या फेरीत याहून चांगली मिळेल’ म्हणून न स्वीकारता बसले तर उमेदवार प्रक्रियेबाहेर जातो. जागा स्वीकारून, शुल्क भरून, वरच्या पसंतीसाठी थांबता येते. त्याला ‘अपग्रेड’ म्हणतात, आणि मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ‘फ्रीज’ करतात. अपग्रेड निवडले आणि वरची जागा मिळाली की खालची जागा आपोआप जाते. ती परत मागता येत नाही.

म्हणून पसंतीक्रमात वर काय लिहायचे हे नावाच्या दबदब्यावर ठरवू नये. फरीदाबादच्या मुलीने बवानाचे अदिती महाविद्यालय जवळच्या कॉलेजच्या वर लिहिले, तर अपग्रेडमध्ये ते मिळेलही, आणि मग रोज दिल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागेल. मेट्रो आणि बसचा वेळ आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजावा. मे-जूनची मोकळी दुपार याच कामाला लावावी.

घराजवळचे पर्याय

दुसरा अर्ज म्हणजे महागडे खासगी विद्यापीठच, असे नाही. दिल्ली विद्यापीठाचे स्कूल ऑफ ओपन लर्निंग १९६२ पासून पत्राद्वारे शिक्षणाची सोय देत आले आहे. तिथे बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीयूईटी लागत नाही. मुलींसाठी नॉन कॉलेजिएट विमेन्स एज्युकेशन बोर्ड आहे. त्याचे वर्ग शनिवार-रविवारी वेगवेगळ्या कॉलेजांत भरतात. पण हा पर्याय फक्त दिल्लीत राहणाऱ्या मुलींना मिळतो, नोएडा किंवा गुरुग्रामच्या मुलींना नाही. मैदानगढीत मुख्यालय असलेल्या, १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत प्रवेश होतात. म्हणजे जुलै हुकला तरी पूर्ण वर्ष जात नाही.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी शाळेचा पत्ता लक्षात घ्यावा. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत ८५ टक्के जागा दिल्लीच्या उमेदवारांसाठी असतात, आणि दिल्लीचा उमेदवार म्हणजे दिल्लीच्या हद्दीतल्या शाळेतून बारावी झालेला. घर मयूर विहारला आणि शाळा नोएडाला असेल तर तो मुलगा उरलेल्या १५ टक्क्यांत मोजला जातो. हे बारावीनंतर कळून उपयोग नसतो.

पुण्याला किंवा मुंबईला जाण्याचा विचार असलेल्या मराठी घरांनी कागदपत्रांकडे आधीच पाहावे. महाराष्ट्राबाहेर शिकलेल्या मुलालाही, त्याचा स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर, राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. पण त्यासाठी अधिवासाचा दाखला हवा, आणि तो गावाकडच्या तहसील कार्यालयातून मिळवायचा असतो. राज्याच्या सीईटीचे अर्जही हिवाळ्यातच सुरू होतात. दिवाळीला गावी जाणे झाले तर तेव्हाच हे काम उरकून घ्यावे. जूनमध्ये रजा काढून धावपळ करावी लागली तर तिकिटाच्या खर्चाबरोबर मनस्तापही पदरी पडतो.

निकालाच्या आधीची संध्याकाळ

हे सगळे कागदावर सोपे आहे. अवघड आहे ते मुलापुढे बोलणे. दुसऱ्या अर्जाचा विषय काढला की मुलाला वाटते, ‘यांचा माझ्यावर विश्वास नाही.’ म्हणून हा विषय निकालाच्या तोंडावर काढू नये. तो सप्टेंबरमध्येच काढावा. तेव्हा कोणी घाबरलेले नसते आणि कॅलेंडर रिकामे असते. घरात एक मोठा कागद लावावा. त्यावर चारही वेळापत्रकांच्या तारखा लिहाव्यात, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन गोष्टी नोंदवाव्यात, अर्जाची मुदत आणि पैशांची मुदत. कोणती कामे मुलाने करायची आणि कोणती पालकांनी, हेही तेव्हाच ठरवावे. निबंध, विषयांची निवड आणि पसंतीक्रम ही मुलाची कामे. दाखले, शुल्क, परतावा आणि परिपत्रके ही पालकांची. आईने मुलीचा निबंध लिहून देऊ नये आणि वडिलांनी परताव्याच्या नियमाची चिंता मुलीच्या डोक्यावर टाकू नये.

पर्यायी यादीत एकही असे कॉलेज लिहू नये जिथे मुलाला खरोखर जायचे नाही. केवळ ‘हाताशी असावे’ म्हणून भरलेला अर्ज शेवटी तिथेच पोहोचवतो, आणि मग पहिल्या वर्षी मुलाचे मन अभ्यासात लागत नाही. चार नावे असोत, पण चारही ठिकाणी जाऊन पाहिलेले असावे किंवा तिथे शिकणाऱ्या कुणाशी तरी बोललेले असावे.

शेजारपाजारच्यांना आणि नातेवाइकांना पहिल्या पसंतीचे नाव सांगत सुटणे हेही टाळावे. ज्यांना सांगितले ते सगळे निकालाच्या दिवशी फोन करणारच. नकार पचवायला मुलाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ त्या फोनना उत्तरे देण्यात जातो. एखाद्या मावशीने खोदून विचारलेच, तर “अर्ज बरेच केले आहेत, जिथे होईल तिथे पेढे घेऊन येऊ,” एवढे उत्तर पुरते.

उत्तर नकाराचे आले तर त्या संध्याकाळी कोणीही पुढच्या अर्जाविषयी बोलू नये. मुलाला रडू द्यावे, जेवू द्यावे, हवे तर एकटे सोडावे. जेव्हा बाकीचे अर्ज आधीच पाठवलेले किंवा लिहून तयार ठेवलेले असतात, तेव्हाच घराला ही एक संध्याकाळ देणे परवडते. तयारी नसलेल्या घरात मात्र डोळे पुसायच्या आत संगणक चालू करावा लागतो.

आणि उत्तर होकाराचे आले तर? मग तयार ठेवलेले अर्ज बाजूला ठेवायचे, पाठवलेले मागे घ्यायचे आणि जिथे जागा धरून ठेवली असेल तिथे लेखी कळवून ती सोडायची. यात आळस करू नये. परताव्याची तारीख चुकली तर आपले पैसे जातात, आणि अडवून ठेवलेली प्रत्येक जागा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली पहिली पसंती असते. ते घरही आपल्या यादीची वाट पाहत बसलेले असते.